पोलिश भाषेत वय सांगताना

पोलिश माणसाला वय विचारायचे असेल, तर 'इले माश लात?' एवढे तीन शब्द पुरतात. 'इले' म्हणजे किती, 'माश' म्हणजे तुझ्याकडे आहेत आणि 'लात' म्हणजे वर्षे. उत्तरही त्याच साच्यात येते: 'माम द्वाजेश्चा प्येंच लात', म्हणजे मी पंचवीस वर्षांचा आहे. पोलिश भाषेत वय ही माणसाची अवस्था नसून त्याची जमा असते, आणि म्हणून तिथे 'असणे' हे क्रियापद चालत नाही, 'जवळ असणे' या अर्थाचे 'म्येच' हे क्रियापद लागते. व्रोत्सवाफ, क्राकुफ किंवा वॉर्सा येथे शिकायला जाणारे मराठी विद्यार्थी पोलिश शिकतात ते बहुधा इंग्रजी पुस्तकांच्या आधाराने, आणि पहिली अडचण तिथेच होते, कारण इंग्रजी वाक्याच्या वळणावर पोलिश शब्द बसवले की वाक्य ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. वयाच्या बाबतीत तरी मराठी माणसाने इंग्रजीचा मध्यस्थ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पोलिश माणूस वयाबद्दल ज्या तऱ्हेने बोलतो त्यातले पुष्कळसे मराठीत आधीपासून आहे.

उच्चाराविषयी एवढेच लक्षात ठेवावे, की पुढे दिलेल्या पोलिश शब्दांतला च 'चिमणी'तल्यासारखा आणि ज 'जीभ'मधल्यासारखा मऊ वाचावा. मराठी वाचकाच्या कानाला काही शब्द गमतीचे वाटतील. 'लात' म्हणजे लाथ नव्हे, आणि 'त्याचे वय होते' या अर्थी येणारा 'म्याव' हा शब्द मांजराचा नव्हे.

खरी अडचण क्रियापदाची नाहीच, ती 'वर्ष' या शब्दाची आहे. मराठीत एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे, एकवीस वर्षे असे म्हणताना एकवचन आणि अनेकवचन एवढाच भेद सांभाळावा लागतो. पोलिशमध्ये मात्र वर्षासाठी तीन रूपे आहेत आणि त्यांपैकी कोणते वापरायचे, हे समोरची संख्या ठरवते. एका वर्षाला 'रोक' म्हणतात. दोन, तीन आणि चार वर्षांना 'लाता' म्हणतात: द्वा लाता, त्शी लाता, च्तेरी लाता. पाचपासून पुढे 'लात' सुरू होते: प्येंच लात, जेशेंच लात, द्वाजेश्चा लात. विसानंतर हे चक्र पुन्हा फिरते, म्हणजे बावीस, तेवीस आणि चोवीस यांना 'लाता', तर पंचवीस ते तीस यांना 'लात'. बारा, तेरा आणि चौदा मात्र या चक्रात येत नाहीत. त्यांना 'लात'च लागते. एकवीस, एकतीस, एकेचाळीस यांच्या शेवटी 'एक' असला, तरी 'रोक' परत येत नाही, 'द्वाजेश्चा येदेन लात' असेच म्हणावे लागते. रशियन शिकलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते, कारण रशियनमध्ये एकविसाला वर्षाचे एकवचनी रूप लागते.

हा नियम पाठ करण्यापेक्षा तो का झाला हे समजून घेतले, तर डोक्यात पक्का बसतो. पोलिश, रशियन ज्या भाषेतून निघाल्या त्या जुन्या स्लाव्ह भाषेत एक ते चार या संख्या विशेषणांसारख्या वागत, म्हणजे 'तीन वर्षे' यातला 'तीन' हा वर्षांचे वर्णन करी. पाच आणि त्यापुढच्या संख्या मात्र नामे होती. 'प्येंच लात' याचा मूळ अर्थ 'वर्षांची पाचकी' असा घ्यावा: मुख्य शब्द पाच आणि वर्षे त्याला षष्ठीने जोडलेली. 'लात' हे रूप त्या षष्ठीच्या अनेकवचनाचे आहे. आजच्या पोलिश माणसाला हा इतिहास ठाऊक असतोच असे नाही, पण त्याच्या वाक्यातून तो डोकावतो. 'दोन वर्षे गेली' हे 'मिनेवी द्वा लाता' असे अनेकवचनी क्रियापदाने सांगतात, आणि 'पाच वर्षे गेली' हे 'मिनेवो प्येंच लात' असे एकवचनी, नपुंसकलिंगी क्रियापदाने. बारा ते चौदा यांचे कोडेही इथेच सुटते. 'द्वानाश्चे' म्हणजे बारा; या शब्दाची मूळ फोड 'दहावर दोन' अशी आहे. त्याच्या शेवटी झिजलेला 'दहा' आहे, आणि दहाला 'लात' लागते. बाविसात मात्र 'द्वाजेश्चा द्वा' असे म्हणतात, तिथे शेवटचा शब्द स्पष्टपणे 'दोन' आहे, म्हणून 'लाता'. मराठीत आपण बावीस, तेवीस असे एकम आधी सांगतो आणि एक ते शंभर वेगवेगळे पाठ करतो. पोलिशमध्ये दशक आधी आणि एकम नंतर येतो, म्हणून वर्षाचे रूप ठरवताना कानावर पडलेल्या शेवटच्या शब्दाकडे लक्ष दिले की बहुतेक काम भागते.

'रोक' आणि 'लाता' या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, आणि मुळात तो नाहीच. 'लातो' म्हणजे उन्हाळा. 'लाता' म्हणजे उन्हाळे. एक वर्ष मोजताना वर्षाचा शब्द आणि अनेक वर्षे मोजताना उन्हाळ्यांचा शब्द, अशी ही जोडणी आहे. थंड प्रदेशातल्या लोकांनी आयुष्य उन्हाळ्यांत मोजावे यात नवल नाही. 'मी तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिले आहेत' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागू नये. आपल्या आशीर्वादात तर शंभर वर्षांसाठी 'शरदः शतम्' असे शरद ऋतूच मोजलेले आहेत.

आता हे नियम खऱ्या माणसांच्या वयावर लावून पाहू. कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांचा जन्म २ जुलै १९२३ रोजी झाला. १९९६ साली त्यांना नोबेल पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या: 'म्यावा शेदेमजेशोंत त्शी लाता'. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते: 'म्यावा ओशेमजेशोंत ओशेम लात'. एकाच व्यक्तीच्या वयात एकदा 'लाता' आणि एकदा 'लात' आले ते केवळ शेवटच्या तीन आणि आठ या आकड्यांमुळे. 'म्यावा' हे स्त्रीलिंगी रूप आहे. पुरुष असेल तर 'म्याव'. भूतकाळात स्वतःविषयी बोलतानाही पुरुष 'म्यावेम' आणि स्त्री 'म्यावाम' म्हणते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा भेद रोज पाळणाऱ्या मराठी माणसाला याचे ओझे वाटण्याचे कारण नाही.

लिखित पोलिशमध्ये, विशेषतः चरित्रांत आणि बातम्यांत, 'अमुक वर्षांचे असताना' किंवा 'अमुकाव्या वर्षी' हे सांगण्यासाठी 'व व्येकु' ही रचना येते. 'व्येक' या शब्दाचा एक अर्थ वय आणि दुसरा शतक. कोणता घ्यायचा हे संदर्भावरून कळते. या रचनेनंतर संख्येचीही विभक्ती बदलते आणि वर्षाचे रूप दोनपासून पुढे सर्वत्र 'लात' असे एकच राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत, १९४३ ते १९४८ या वर्षांत, सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. १९३८ साली जन्मलेला एखादा मुलगा तिथे १९४३ मध्ये आला असेल, तर त्याच्याविषयी बोलताना 'म्याव प्येंच लात' म्हणतील, पण लिहिताना 'व व्येकु प्येंचू लात' असे लिहितील. प्येंचचे प्येंचू झाले. हाच प्रकार शिंबोर्स्का यांच्या वयाला लावला, तर 'शेदेमजेशोंत त्शी लाता' याचे 'व व्येकु शेदेमजेशेंचू त्शेख लात' असे होते, म्हणजे दशक आणि एकम या दोघांनाही विभक्ती लागते आणि 'लाता'चे 'लात' होते. नवशिक्याने बोलताना ही रचना टाळून सरळ 'तेव्हा माझ्याकडे इतकी वर्षे होती' या वळणाने बोलावे. त्यात काहीच कमीपणा नाही, पोलिश माणसेही घरात तसेच बोलतात.

लहान मुलांच्या वयाकडे आलो, की मराठी माणसाची बाजू एकदम भक्कम होते. आपल्या 'दीड'साठी अनेक भाषांत एक शब्द सापडत नाही, पोलिशमध्ये तो आहे: 'पुवतोरा'. दीड वर्षाच्या बाळाविषयी 'मा पुवतोरा रोकु' असे म्हणतात. 'अडीच'साठी मात्र तसा शब्द नाही, तिथे 'द्वा इ पुव रोकु', म्हणजे दोन आणि अर्धे, असे फोडून सांगावे लागते. दोन्ही ठिकाणी 'रोक'चे एकवचनी षष्ठीचे रूप आले आहे हे ध्यानात घ्यावे, कारण अर्ध्याचा शब्द शेवटी आल्यामुळे वर्षाची सत्ता त्याच्याकडे गेली. वर्षाच्या आतल्या बाळाचे वय महिन्यांत सांगतात आणि महिन्यालाही तीच तीन रूपे लागू होतात: एकाला 'म्येशोंत्स', दोन ते चारला 'म्येशोंत्से', पाचपासून 'म्येशेन्त्सी'.

मराठीत 'पाच पूर्ण झाली' आणि 'सहावे लागले' या दोन वाक्यांत एकाच मुलाचे वय असते. पोलिशमध्येही नेमके असेच आहे. 'स्कोन्चिव प्येंच लात' म्हणजे त्याने पाच वर्षे पूर्ण केली, आणि 'शुस्ती रोक मु इजे' म्हणजे त्याला सहावे चालू आहे. इथे निष्काळजीपणा महागात पडतो तो कागदपत्रांत. 'पाचवे आयुष्यवर्ष' असा शब्दप्रयोग नियमांत दिसला, तर ते पूर्ण झालेले अपेक्षित आहे की चालू असलेले, हे आधी पाहावे, कारण पाचव्या आयुष्यवर्षातले मूल चार वर्षांचे असते. कायद्याची भाषा म्हणूनच 'पूर्ण करणे' या क्रियापदाला घट्ट धरून असते. १९६४ च्या पोलिश नागरी संहितेच्या दहाव्या कलमात सज्ञान कोण, याचे उत्तर 'ज्याने अठरा वर्षे पूर्ण केली तो' असे दिले आहे, आणि तिथे 'लात ओशेमनाश्चे' असा उलटा क्रम आहे. आधी वर्षे, मग आकडा. हा उलटा क्रम कायद्यात आणि सूचनाफलकांवर वारंवार भेटतो, पण बोलताना कोणी वापरला तर तो सरकारी थाटाचा वाटतो. त्याच संहितेत पुढे असेही म्हटले आहे, की वय मोजताना शेवटचा दिवस सुरू होताच मुदत पूर्ण झाली असे धरावे. म्हणजे अठराव्या वाढदिवसाची पहाट व्हायच्या आधीच, मध्यरात्री, माणूस सज्ञान होतो, मग त्याच्या जन्माची वेळ संध्याकाळची का असेना. १९९७ च्या राज्यघटनेतही मतदानासाठी १८, सेयम या कनिष्ठ सभागृहासाठी २१, सेनेटसाठी ३० आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी ३५ अशा वयोमर्यादा आहेत. मतदार आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार यांनी आपापले वय उशिरात उशिरा मतदानाच्या किंवा निवडणुकीच्या दिवशी पूर्ण करावे, असे तिथे म्हटले आहे, आणि क्रियापद पुन्हा 'कोन्चिच', पूर्ण करणे, हेच आहे.

नेमका आकडा सांगायचा नसतो तेव्हा पोलिश भाषा खरी रंगात येते. आपल्या विशी, तिशी, चाळिशी यांना तंतोतंत जुळणारे शब्द तिथे आहेत: द्वुजेस्त्का, त्शिजेस्त्का, च्तेर्जेस्त्का. 'पो च्तेर्जेस्त्से' म्हणजे चाळिशी उलटलेला. तिशीच्या अलीकडचा, चाळिशीच्या आसपासचा असे सगळे शब्दप्रयोग याच नामांवर उभे राहतात, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाविषयी 'दोब्येगा प्येंजेशोंत्की', म्हणजे तो पन्नाशीकडे धावतो आहे, असे म्हणतात. फरक एवढाच, की मराठीत 'तिशीत' म्हटले की तीस ते एकोणचाळीस हा सगळा पट्टा डोळ्यांसमोर येतो, तर पोलिशमध्ये त्शिजेस्त्का हा मैलाचा दगड आहे, माणूस त्याच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे. शिवाय आपली चाळिशी जशी नाकावर चढते, तशी त्यांची प्येंजेशोंत्का पेल्यात उतरते. पन्नास मिलिलिटर व्होडकाला तोच शब्द आहे. जुन्या वळणाचे लोक दशकांसाठी 'क्शिझिक', म्हणजे छोटा क्रूस, असा शब्द वापरतात. रोमन अंकांत दहाची खूण क्रूसासारखी दिसते, म्हणून सातवा क्रूस मानेवर असणे म्हणजे आयुष्याचे सातवे दशक चालू असणे.

आपण 'पाचसहा', 'दहाबारा' असे जोडशब्द वापरतो त्याऐवजी पोलिश माणूस 'किल्का' वापरतो, आणि त्याच्या मर्यादा बऱ्याच नेमक्या आहेत. 'किल्का लात' म्हणजे दहाच्या आतली काही वर्षे, 'किल्कानाश्चे लात' म्हणजे अकरा ते एकोणीस यांमधली, आणि 'किल्काजेशोंत लात' म्हणजे काही दशके. पोलिश पोलिसांनी एखाद्या साक्षीदाराकडून 'किल्कानाश्चे' ऐकले, तर त्यांना शाळकरी मुलगा शोधायचा आहे हे कळते. अकरा ते एकोणीस या संख्यांच्या शेवटी येणाऱ्या 'नाश्चे'वरूनच किशोरवयीन मुलाला 'नास्तोलातेक' आणि मुलीला 'नास्तोलात्का' म्हणतात. असे शब्द कोणत्याही वयाला बनवता येतात. पाच वर्षांचा मुलगा प्येंचोलातेक, मुलगी प्येंचोलात्का, चाळीस वर्षांचा गृहस्थ च्तेर्जेस्तोलातेक. बातमीदारांना हे शब्द फार आवडतात, कारण नाव न देता माणसाची ओळख एका शब्दात होते.

शाळेच्या संदर्भात आणखी एक शब्द कानावर पडेल, तो म्हणजे 'रोचनिक', एकाच वर्षी जन्मलेल्यांचा गट. पोलंडमध्ये मूल ज्या कॅलेंडर वर्षात सात वर्षे पूर्ण करते, त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याचे सक्तीचे शालेय शिक्षण सुरू होते, म्हणून जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच इयत्तेत बसते. मोठेपणीही लोक आकड्याऐवजी 'मी ब्याण्णवचा रोचनिक' असे सांगून मोकळे होतात. समवयस्काला 'रुव्येश्निक' म्हणतात. दोन माणसांच्या वयातला फरक सांगताना 'ओ' हे अव्यय लागते: 'स्तार्शा ओ द्वा लाता' म्हणजे दोन वर्षांनी मोठी. हाच 'स्तार्शी' शब्द सौजन्यालाही उपयोगी पडतो. व्याकरणाने तो 'अधिक म्हातारा' असा तुलनेचा आहे, पण 'स्तार्शी पान', म्हणजे वयस्कर गृहस्थ, हे नुसत्या 'स्तारी'पेक्षा, म्हणजे म्हाताऱ्यापेक्षा, कितीतरी सौम्य आहे.

सौजन्याचा विषय निघालाच आहे, तर 'इले माश लात?' हा प्रश्न मित्राला किंवा लहान मुलालाच विचारावा. अनोळखी किंवा मोठ्या माणसाला 'इले पान मा लात?' आणि स्त्रीला 'इले पानी मा लात?' असे विचारायचे असते, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी ठेवायचे असते. व्याकरण कितीही बरोबर असले, तरी दवाखाना किंवा कचेरी सोडून इतरत्र स्त्रीला हा प्रश्न विचारणे तिथेही असभ्यच मानले जाते. जुन्या पिढीने यावर आपला मार्ग काढलेला दिसतो: वाढदिवसापेक्षा 'इम्येनिनी', म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, साजरा करायचा. १९ मार्चला युझेफ, ४ डिसेंबरला बार्बारा, असे दिवस कॅलेंडरवर छापलेले असतात, त्यामुळे शुभेच्छा सगळ्यांच्या मिळतात आणि वय कोणी मोजत नाही. दोन्ही प्रसंगी गातात ते मात्र एकच, 'स्तो लात', शंभर वर्षे. यजमान शंभरीच्या जवळ आला असेल, तर पाहुणे प्रसंगावधान राखून 'द्व्येश्चे लात', दोनशे वर्षे, असा बदल करतात.

कचेरीत वयाऐवजी जन्मवर्ष सांगण्याची वेळ अधिक येते, आणि तिथे एक खोच आहे. पोलिशमध्ये साल क्रमवाचक संख्येने सांगतात, पण क्रमवाचक प्रत्यय फक्त दशक आणि एकम यांना लागतो. २००४ साली जन्मलेल्याने 'व द्वा तिशोंत्से च्फार्तिम रोकु' असे म्हणायचे, म्हणजे 'दोन हजार चौथ्या वर्षात'. २००० या एकाच सालाला 'द्वुतिशेंच्नी' असे रूप आहे, आणि त्याच्या ओघात पुढच्या वर्षांनाही तेच रूप लावण्याची चूक खुद्द पोलिश लोक इतकी करतात, की शिक्षकांना ती सतत दुरुस्त करावी लागते. परदेशी विद्यार्थ्यालाही पुढेमागे जो 'पेसेल' नावाचा अकरा अंकी ओळख क्रमांक मिळतो, त्याचे पहिले सहा अंक जन्मतारखेचे असतात: आधी साल, मग महिना, मग दिवस. २००० पासून जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवतात, म्हणून ३ मे २००४ रोजी जन्मलेल्याचा क्रमांक ०४२५०३ असा सुरू होतो; पंचविसावा महिना पाहून कोणीतरी टंकनात चूक केली असे समजून खिडकीवर हुज्जत घालू नये.